पिठीचा डबा

वडफळियाच्या शाळेत वर्षाची सुरुवात बातम्यांनी व्हायची. सुरतेच्या कडेला, नवागामच्या पुढे, जिथे यंत्रमागांची खडखड विरत जाते आणि उसाची शेतं सुरू होतात, तिथे ही चार खोल्यांची मराठी शाळा होती आणि तिच्या ओट्यावर एक काळा फळा होता. जूनमध्ये शाळा उघडायच्या आदल्या दिवशी शालिग्राम गुरुजी त्या फळ्यावर वळणदार अक्षरात बातम्या लिहीत. पंच्याण्णव साली त्यांनी लिहिलं, की पहिलीला नूतनबेन नावाच्या नव्या बाई आल्या आहेत. हातपंप दुरुस्त झाला आहे, मुलांनी दांड्याला लोंबकळू नये. आणि गावी गेलेली कुटुंबं बहुतेक परत आली आहेत, त्यांचं शाळेतर्फे स्वागत. 'बहुतेक' हा शब्द त्यांनी एकदा पुसला आणि पुन्हा लिहिला, कारण खोटं लिहायचं त्यांच्या हाताला जमत नसे.

कुटुंबं गावी का गेली होती ते फळ्यावर नव्हतं, आणि लिहायची गरजही नव्हती. मागल्या सप्टेंबरात सुरतेत प्लेग आल्याची हाकाटी झाली आणि दोन दिवसांत वस्ती रिकामी झाली. चुलीवरची भाकरी चुलीवर ठेवून लोकांनी उधना स्टेशन गाठलं होतं. आता सगळं शांत झालं तरी त्या रोगाचं नाव कोणी घेत नसे, 'मागल्या सालचं' एवढंच म्हणत. कोणाचं मूल शिंकलं की शेजारीण दार ओढून घेई. उंदीर दिसला तर एरवी मिशीला पीळ देणारे बाप्ये खाटेवर चढत.

मंगलाबाई या शाळेची तेडागर. म्हणजे सकाळी घरोघर फिरून मुलांना बोलावून आणायचं, शाळा झाडायची, पाणी भरायचं आणि सुटल्यावर लहानग्यांना घरी पोचवायचं. पारोळ्याकडची बाई, तिचा नवरा चिंधा नवागामला माग चालवायचा. तोंडाने फटकळ, हाताला उरक, आणि एक खोड अशी की कुठलीही वस्तू तिला टाकवत नसे. फुटकी बादली, झिजलेला खराटा, रिकामा डबा, सगळं 'कधीतरी कामाला येईल' म्हणून शाळेच्या कपाटात जाई. गुरुजी त्या कपाटाला मंगलाबाईचं माहेर म्हणत. मागल्या साली तीही पळाली होती, रेल्वेच्या खिडकीतून आत शिरून, आणि दिवाळीनंतर परतली होती. पळालो याची तिला लाज नव्हती, सगळेच पळाले होते.

पण केशरबाई पळाली नव्हती. तिला पळता आलं नव्हतं.

केशरबाईचं घर बौद्धवाड्यात, अगदी टोकाला. ती घरी बसून साड्यांवर टिकल्या चिकटवायची. मुलगा भगवंत सचिन गावच्या मिलमध्ये बारा बारा तास असायचा. मागल्या सप्टेंबरात तिची सून तापाने फणफणली. साधा मलेरिया होता, असं मागून कळलं. पण त्या दिवसांत ताप म्हणजे तोच ताप. डॉक्टरांची शटरं खाली, रिक्षावाला जवळ येईना, शेजारी पळालेले. सून घरातच गेली. मागे राहिला धम्मरत्न, आता सहा वर्षांचा, आणि आजीने त्याला असा काही पदराआड धरला होता की पोराला गल्लीच्या बाहेरचं जग ठाऊक नव्हतं. पुढच्या वर्षी बघू शाळेचं, असं ती तीन वेळा मंगलाबाईला म्हणाली होती.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी मंगलाबाई चौथ्यांदा तिच्या दारात उभी राहिली, आणि उभीच राहिली. त्या घरात ती कधी बसत नसे. केशरबाईने नेहमीप्रमाणे पाण्याचा पेला पुढे केला आणि मंगलाबाई नेहमीप्रमाणे म्हणाली, की आत्ताच चहा झाला. गेली चार वर्षं मंगलाबाईचा चहा त्या दारात यायच्या जरा आधीच होत असे. खरं कारण दोघींना ठाऊक होतं. शाळेत ती सगळ्या मुलांना एकाच माठातलं पाणी देई, तिथे तिला काही वाटत नसे. पण कोणाच्या घरी काय प्यायचं आणि काय नाही, हे तिने गावाकडून गाठोड्यात बांधून आणलं होतं, आणि ते गाठोडं सुरतेत येऊनही सुटलं नव्हतं. केशरबाईने पेला खाली ठेवला. असे पेले तिने पुष्कळ खाली ठेवले होते.

मग मंगलाबाईने आपलं सगळं कसब लावलं. नूतनबेन किती मायाळू, पिठीत अक्षर काढायची मजा किती, पोराला चार सवंगडी मिळतील, आई नाही तर निदान शाळा तरी. शेवटचं वाक्य बोलायला नको होतं. पण तेच लागलं. केशरबाई टिकल्या चिकटवायची थांबली.

"तुझ्या भरवशावर देऊ?" तिने विचारलं.

"जसा लई जाई राहिनू तसा संध्याकाळी आणी दिसू," मंगलाबाई म्हणाली. जसा नेते तसा आणून देईन. शपथ घालावी इतक्या सहज म्हणाली.

आता त्या पिठीचं सांगायला हवं. गुरुजी एरंडोलकडचे. त्यांच्या वडिलांच्या शाळेत एक रीत होती, ती त्यांनी सुरतेत आणली होती. पहिल्या दिवशी नव्या मुलांना पाटांपुढे बसवायचं, पाटांवर तांदळाची पिठी पसरायची, आणि प्रत्येक मुलाचं बोट धरून त्या पिठीत पहिलं अक्षर काढायचं. मग तेच बोट, न झटकता, गुळावर टेकवून चाटायचं. अक्षराची गोडी लागावी म्हणून. शहरातल्या शाळा पाटीपूजन करीत. वडफळियात अक्षर पोटात जात असे. वस्तीला या रीतीचं फार कौतुक होतं. कामाला दांडी मारून बाप यायचे.

पिठी करायचा मान मंगलाबाईचा. तांदूळ धुवायचे, सावलीत वाळवायचे, जात्यावर दळायचे आणि वस्त्रगाळ करायचे. त्या साली पिठी घरी ठेवायची तिला भीती वाटली, कारण घरात उंदीर झाला होता आणि ते तिने नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. म्हणून संध्याकाळी तिने पिठी डालड्याच्या डब्यात भरली आणि डबा शाळेच्या कपाटात नेऊन ठेवला. तिच्या माहेरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी धम्मरत्न तिचं बोट धरून आला. तेल लावून चापून बसवलेले केस, नवी खाकी चड्डी, आणि डोळे असे की कोणी जोरात बोललं तर रडू यावं. वाटेत त्याने एकच विचारलं, गूळ खरंच देतात का. खरंच देतात, ती म्हणाली.

शाळेत गर्दी उसळली होती. आंब्याच्या पानांचं तोरण, ओट्यावर सतरंजी, नूतनबेनची नवी साडी. गुरुजींची घाई चालली होती. मंगलाबाईने कपाट उघडलं, हाताला आला तो डबा काढला, पाटांवर भराभर पिठी पसरली आणि तळहाताने सारखी केली. थोडा उग्र वास आला. पण त्या कपाटातल्या प्रत्येक वस्तूला तसाच वास यायचा, फिनेलचा, जुन्या गोणपाटाचा, कशाकशाचा. मुलं रांगेत बसली. नूतनबेन एकेकाचं बोट धरून 'ग' काढू लागल्या. आया बघत होत्या, एक-दोघींनी डोळे पुसले. धम्मरत्न शेवटच्या पाटापुढे होता. त्याने अक्षर काढलं आणि स्वतःच्याच बोटाकडे बघत बसला.

गुळाची परात आणायला मंगलाबाई आत गेली. परात खालच्या फळीवर होती. ती उचलताना तिचा हात एका डब्याला लागला. डालड्याचा डबा. झाकण जरा सैल होतं, ते नीट बसवावं म्हणून तिने उचललं, आणि आत बघितलं तर पिठी. तिची पिठी. काठोकाठ, जशी भरली होती तशी.

मग पाटांवर काय होतं?

तिला कळायला वेळ लागला नाही. दिवाळीनंतर नाकातोंडाला फडकी बांधलेली माणसं वस्तीत फिरली होती, भिंतींच्या कडेने पांढरी पूड मारत. उंदरांच्या अंगावरच्या पिसवा मारायची पूड. शाळेत एक गोणी ठेवून गेली होती. काम झाल्यावर उरलेली पूड लांब नेऊन पुरून टाक, असं गुरुजींनी तिला बजावलं होतं. आणि तिने, जिला फुटकी बादली टाकवत नाही तिने, अर्धी पुरली आणि अर्धी तसल्याच डालड्याच्या डब्यात भरून ठेवली होती. कधीतरी कामाला येईल म्हणून.

मंगलाबाईने डब्याचं झाकण घट्ट लावलं. ती कपाटाला धरून उभी राहिली. बाहेर सगळ्या मुलांची बोटं पांढरी होती आणि सगळी मुलं गुळाची वाट बघत होती. ओरडावं, असं तिच्या मनात आलं, आणि त्याच क्षणी दुसरं आलं, की ओरडलं तर काय होईल. नोकरी जाईल. लोक तिला उभी फाडतील. चिंधाला मागावर कोणी उभं करणार नाही. भीती माणसाला शहाणं करते असं म्हणणाऱ्याला भीती कधी वाटलेली नसते. भीतीने मंगलाबाईला फक्त लबाड केलं. तिने परात फळीच्या मागे सरकवली, तोंडावर पदर फिरवला आणि बाहेर येऊन गुरुजींना हळूच सांगितलं, की गुळाला मुंग्या लागल्यात, उद्या देऊ, पोरांचे हात तेवढे धुऊन घेते.

गुरुजी हिरमुसले, पण पाहुणे बसले होते, सरपंचांना बोलायचं होतं. बरं म्हणाले. मंगलाबाईने मुलांना हातपंपावर नेलं आणि एकेकाचा हात असा घासला की पोरं कळवळली. साबण लावून घासला, पुन्हा घासला. नूतनबेन कौतुकाने म्हणाल्या, की बाई स्वच्छतेच्या फार पक्क्या दिसतात. मग पाटांवरची पूड तिने ओल्या फडक्याने टिपून घेतली. झालं. कोणाला कळलं नाही. तिने कधी नव्हे ते मनातल्या मनात कानबाईला नवस बोलला.

मग तिने धम्मरत्नकडे बघितलं. त्याचा हात धुतला होता, पण ओठ पांढरे होते.

ती त्याच्याजवळ बसली. काय रे, तोंडाला काय लागलंय, तिने विचारलं, आणि आपलाच आवाज तिला परका वाटला. पोरगा घाबरून म्हणाला, की त्याने थोडं चाटलं. आजी पिठीचे लाडू करते तशी लागेल असं वाटलं. पण गोड नव्हती, कडू होती, म्हणून गिळून टाकली.

किती चाटली? त्याने बोट दाखवलं. मग दुसरं बोट दाखवलं.

तेव्हा तरी उठायला हवं होतं. पण ती उठली नाही, हे सांगायलाच हवं. सरपंचांचं भाषण चाललं होतं आणि ती भिंतीला टेकून पोराकडे बघत राहिली. तिने त्याला पाणी पाजलं, अजून पाणी पाजलं. एवढ्याशाने काय होतंय, ती स्वतःला समजावत होती. आपण ती पूड हाताने पसरली, आपल्याला काही झालं का. पोराच्या कपाळावर घाम होता, तर ऊन आहे म्हणाली. पोराने पोट धरलं, तर भूक लागली असेल म्हणाली. तिच्या कानात मात्र कालचं तिचंच वाक्य वाजत होतं, जसा नेते तसा आणून देईन. सरपंच उसाच्या भावावर आले होते.

धम्मरत्न उठला, दोन पावलं चालला आणि सतरंजीवर भडाभडा ओकला.

 मग सुकलाल नावाचा एक बाप, मोठ्या आवाजाचा माणूस, तोंडाला रुमाल लावून मागे सरकला आणि म्हणाला, "हाई तर मागला सालनंच शे."

एवढं एक वाक्य पुरलं. बायकांनी मुलांना बखोटीला धरून ओढलं. कोणीतरी आठवण दिली, की याच्याच घरात मागल्या साली बाई गेली होती. खुर्च्या पडल्या, तोरण तुटलं, पोरं रडायला लागली. फाटकापाशी चेंगराचेंगरी झाली. घरी जाऊन गाठोडी बांधा, असं एक म्हातारी ओरडत होती. सरपंच सगळ्यांच्या पुढे होते. आणि सतरंजीवर तो पोरगा एकटा बसला होता, चोहीकडे मोकळी जागा, कोणी जवळ जाईना. त्याची आई गेली तेव्हाही त्या घराभोवती अशीच मोकळी जागा पडली असणार.

मंगलाबाईला तेव्हा जी भीती वाटली ती निराळी होती. आधीची स्वतःसाठी होती. ती पळत गेली, पोराला उचलून कडेवर घेतलं, त्याची ओकारी तिच्या खांद्यावर लागली, तशीच ती फाटकात जाऊन आडवी उभी राहिली.

"पयू नका," ती म्हणाली. "रोग नही शे. मना हातनी चूक शे. पाटवर पिठी नव्हती, पिसवा मारानी पूड व्हती. डबा मीच काढा. आनी माले कवयनंच माहीत शे."

शेवटचं वाक्य तिने मुद्दाम म्हटलं. मला मघापासून माहीत आहे. ते झाकता आलं असतं. पण अर्धं सांगून लोक थांबले नसते.

लोक थांबले. मग सगळी भीती राग होऊन तिच्यावर आली. सुकलालने तिला जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. एका आईने तिचा दंड धरून गदागदा हलवला. मंगलाबाईने पोराला छातीशी धरलं आणि मान खाली घातली. गुरुजी पांढरेफटक पडले होते, पण त्यांचं डोकं चाललं. त्यांनी नूतनबेनला सांगितलं, की सगळ्या मुलांचे हात-तोंड पुन्हा धुवा, गुळण्या करवा, कोणी चाटलंय का ते एकेकाला जवळ घेऊन विचारा. मग लुना काढली आणि मंगलाबाईला म्हणाले, मागे बस.

नवागामच्या डॉक्टरांनी दार उघडं ठेवलं होतं. मागल्या साली याच दारावर कुलूप होतं, हे वाटेत दोघांच्याही मनात आलं. डॉक्टरांनी पुडीचं ऐकलं, पोराच्या नाकातून नळी घातली, पोट धुतलं. पोरगा ओरडत होता आणि मंगलाबाईने त्याचे पाय धरले होते. मग ते गुजरातीत म्हणाले, "बहु नथी गयुं पेटमां. पण सांज सुधी अहीं राखो." फार गेलेलं नाही, पण संध्याकाळपर्यंत नजरेखाली हवा, आकडी आली तर मोठ्या दवाखान्यात न्यावं लागेल.

संध्याकाळपर्यंत. मंगलाबाई खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर बसली. पोराचा हात हलला की तिचा जीव उडे. झोपेत त्याने अंग झटकलं तर आकडी आली असं तिला वाटे. आणि दाराशी पावलं वाजली की ती दाराकडे बघे, कारण केशरबाईकडे निरोप गेला होता.

केशरबाई आली ती ओरडत आली नाही. तिच्या हातांना टिकल्या चिकटलेल्या होत्या. तिने पोराच्या नाकाशी बोट धरून श्वास बघितला, पोटावर हात ठेवला आणि खाटेच्या दुसऱ्या बाजूला बसली. मंगलाबाईने सगळं सांगितलं, डब्याचं, मुंग्यांच्या थापेचं, भाषण चालू असताना गप्प बसल्याचं. केशरबाईने एकदाही तिच्याकडे बघितलं नाही. ती शिव्या देईल, झिंज्या धरील, याची मंगलाबाई वाट बघत होती, आणि ते होत नव्हतं. दोघींच्या मध्ये पोरगा झोपला होता आणि वर पंखा फिरत होता.

ऊन उतरल्यावर धम्मरत्नने डोळे उघडले आणि भूक लागली म्हणाला. डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारून बघितलं आणि घरी न्या म्हणाले. तेव्हा मंगलाबाई रडली. केशरबाईने नातवाला खांद्यावर घेतलं आणि ती निघून गेली. मंगलाबाई त्याला संध्याकाळी घरी पोचवणार होती, तेवढंही उरलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शाळेत गेली ती निरोप घ्यायला. ओट्यावरचा फळा ओला होता, गुरुजींनी नुकतंच लिहिलं होतं. पहिलीच्या वर्गाबाहेर बसून बसून तिला अक्षरं लागत असत. काल शाळेत मंगलाबाईंच्या हातून चुकीचा डबा उघडला गेला, असं तिथे होतं. रोग नाही. सगळी मुलं बरी आहेत. उरलेली पूड मी स्वतः पुरली आहे. शाळा आज नेहमीप्रमाणे भरेल. तिच्या नावाखाली ओळ ओढली नव्हती तरी तिला ते नाव सगळ्यांत मोठं दिसलं. गुरुजी म्हणाले, नोकरीचं वर काय ठरेल ते ठरेल, आज मुलं आणायला जा.

"कोण धाडी मनासंगे?" तिने विचारलं.

"विचार तर खरं," गुरुजी म्हणाले.

ती गेली. आयुष्यात तिने असे पाय कधी ओढले नव्हते. वस्तीतल्या धुडकूच्या बायकोने तिला बघून दार लावलं. एकीने पोराला दिलं, पण स्वतः दहा पावलं मागून चालू लागली. एकीने सांगितलं, की माझ्या पोरीला तिचा बाप सोडेल, तुझी गरज नाही. जी दोन-चार पोरं मिळाली ती घेऊन तिला सरळ शाळेत जाता आलं असतं. बौद्धवाडा वाटेत नव्हता. पोरांना तिने वळणावरच्या लिंबाखाली, त्या मागून येणाऱ्या आईजवळ उभं केलं आणि एकटी टोकाच्या घरापाशी गेली. पोराला डोळ्यांनी बघावं आणि परतावं, एवढंच तिच्या मनात होतं.

धम्मरत्न दारात बसला होता. आंघोळ झालेली, तेल लावून केस चापून बसवलेले, दप्तर मांडीवर. 

केशरबाई आतून आली. तिच्या हातात पाण्याचा पेला होता. तिने तो पुढे केला.

"आत्ताच..." मंगलाबाईच्या तोंडून सवयीने निघालं आणि ती थांबली.

"चहा झाला म्हणू नको," केशरबाई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "तुझ्या हातचं माझ्या पोरानं गिळलं. माझ्या हातचं तू पी. मग ने त्याले."

मंगलाबाईने पेला घेतला.  तिला भीती वाटली, आणि ती भीती एक नव्हती. एक गावाकडची जुनी, गाठोड्यातली. आणि दुसरी अशी, की तिची तिलाच शिसारी आली. या बाईची सून गेली तेव्हा मी पळाले, हिचा नातू माझ्या हातून मरता मरता वाचला. हिच्या जागी मी असते तर या पाण्यात काय घातलं असतं? तिने नकळत पेल्यात डोकावून बघितलं. तळ स्वच्छ दिसत होता.

केशरबाईने ते बघितलं.

"काही कालवलं नाही त्याच्यात," ती म्हणाली.

मंगलाबाई पाणी प्यायली. उभी राहून नाही, उंबऱ्यावर बसून, पेला ओठाला लावून, शेवटच्या घोटापर्यंत.  केशरबाईने रिकामा पेला परत घेतला, क्षणभर हातात धरला आणि मग नातवाच्या पाठीवर हात ठेवून त्याला पुढे केलं. संध्याकाळी आण, एवढंच म्हणाली.

जसा नेते तसा, असं म्हणायचं मंगलाबाईच्या ओठावर आलं होतं. तिने ते म्हटलं नाही. तिने पोराचं बोट धरलं, आणि इतकं घट्ट धरलं की त्याने तिच्याकडे वर बघितलं. ती दोघं गल्लीच्या टोकापर्यंत गेली तरी पाठीमागे दार लागल्याचा आवाज आला नाही. केशरबाई तिथेच उभी होती, आणि ती नजर मंगलाबाईला मानेवर जाणवत होती.

वळणावर धम्मरत्नने विचारलं, आज गूळ देतील का.

"दितीन," ती म्हणाली. "पन पहिले मी चाखसू. मंग तुले."